पायली फुटकी नाही

सरांनी बाहेर सांगू नको म्हटलंय, तरी सांगते. परीक्षेत गणित होतं, एक भागिले तीन, मग गुणिले तीन. मी एक लिहिलं. सरांच्या कॅल्क्युलेटरवर ०.९९९९९९९ आलं आणि माझा मार्क कापला गेला. वर्गात कधी न बोलणारी मी उठले.

"सर, त्यात आठच आकडे मावतात. बाकीचे सांडले."

"मंग सॉफ्टवेअरमध्ये बग हाय म्हन!"

"पायलीत सारं धान मावलं नाई, तं पायली फुटकी म्हणाची का, सर?"

सरांच्या घरीही आमच्यासारखी धानाचीच शेती. ते हसले आणि मार्क दिला. त्या मार्कानं मी पहिली आले. आता कोणाचं उत्तर अडलं, की सर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवतात आणि...

"वैशाली, सर बोलावून राह्यले तुले!"