डोळे मिटून वा!

सुरतेत नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे शर्वरी नंबरची वाट बघत होती. शेजारी साठीचं एक जोडपं बसलं होतं आणि त्यातल्या बाईंचा आवाज काही लपणारा नव्हता.

"आपल्या पोरानं, योगराजनं, हौसेनं नाशिकला जिन दारूचा कारखाना दाखवायला नेलं, अन् तुम्ही चारचौघांत शोभा केली!"

"मी काय केलं? त्या पोरीनं ग्लास दिले, आधी हुंगा मग चाखा म्हणाली. हुंगले."

"पहिल्याला संत्र्याच्या सालीचा वास, तुम्ही वा म्हणालात. दुसऱ्याला वेलदोड्याचा, वा. तिसऱ्यात चूळ भरायचं साधं पाणी होतं, तर डोळे मिटून वा!"

"सगळे म्हणत होते, मीबी म्हणालो."

"खरं सांगा, वास कधीपासून येत नाही?"

"इथल्या सचिन भागातल्या मिलमध्ये रंगखात्यात होतो ना, तेव्हापासून. झाली असतील बारा वर्षं."

"बारा वर्षं? मग माझ्या शेवभाजीला दर रविवारी वा म्हणता, ते काय?"

कंपाउंडरनं शर्वरीचा नंबर पुकारला. ती जागची हलली नाही.

"मीठ कळतं की मला," ते हळूच म्हणाले. "तुझं मीठ एकदाबी चुकलं नाही."