युकोची वाम

अगं, लंडनमध्ये ईलिंगला राहायचो तेव्हाची गंमत. दोन हजार सहाचा उन्हाळा इतका तापला, की रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंनी जेवणच टाकलं. मी घाबरले. शेजारच्या जपानी युकोला सांगितलं, तर ती डब्यात भात आणि वर गोडसर सॉस लावून भाजलेला ईल मासा घेऊन आली. "आमच्याकडे उकाड्यात हाच खातात, ताकद येते."

सापासारखा दिसतो म्हणून मला धास्ती. सासूबाईंनी मात्र घास घेतला आणि म्हणाल्या, "अगो, ही तर आपली वाम!"

डबा चाटूनपुसून संपवला. मग युकोचा हात धरून मायेनं म्हणाल्या, "छान झालीय हो. फक्त गूळ जरा कमी घाल."

युकोनं मला विचारलं, "काय म्हणतात?"

तिला वाईट वाटेल म्हणून मी म्हटलं, "सॉस फार आवडला म्हणतात."

दुसऱ्या दिवशी युको सॉसची अख्खी बाटली घेऊन दारात उभी!