सतरा नंबरची हरकत

नाही नाही, काका, फाईल मागतच नाहीये मी. फाईलला हातही लावू नका. फक्त सुनावणीला नाव पुकारू नका, एवढंच — सोळा झाला की एकदम अठरा. कोणाच्या लक्षात येणार? आत साहेब पंख्याखाली डुलक्या घेत असतील — बरं, नसतील, चुकलं माझं. पण पुकारता तर तुम्हीच ना? देवरावकाकांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जातो म्हणतात. तोच तर घोळ आहे. त्या पानठेल्यावर मनोहररावांची माणसं बसून राहिलीत सकाळपासून.

सतरा नंबर म्हणजे शोभाताई, आमच्याच वस्तीतल्या. मनोहररावांकडे स्वयंपाक करतात, त्यांच्याच प्लॉटवरच्या खोलीत राहतात — भाडेचिठ्ठी वगैरे काही नाही, निघ म्हटलं की निघायचं. आणि हा नवा विकास आराखडा आला ना, त्यात आमचा नालाच नाही! नकाशात तिथं पिवळा रंग, म्हणजे खुशाल घरं बांधा. मग पाणी कुठं जाणार? आमच्या चाळीस घरांत. मागच्या पावसाळ्यात कमरेइतकं आलंच होतं. म्हणून ही हरकत. शोभाताईंनी सही केली — म्हणजे, सही त्यांचीच आहे. सही खोटी नाही, काका.

असे बघू नका ना माझ्याकडे. सांगते. दोन वर्षं मी नेदरलँड्समध्ये हेच शिकले — आराखडा ठरायच्या आधी लोकांना विचारा, ठरल्यावर नको. त्यांच्या बोलीत विचारा. जो सभेत गप्प बसतो त्याच्याकडे स्वतः चालत जा. आणि त्याच्या बोलण्याचं पुढं काय झालं ते त्याला परत येऊन सांगा. आजही मला हे सगळं खरं वाटतं, शपथ. आई म्हणाली, काहून आली वं परत, तर म्हटलं, यासाठीच आले. समाजभवनात बायकांची सभा घेतली. एक्केचाळीस जणी आल्या! पोहे, चहा, दारात हजेरीची वही — नाव, पत्ता, सही. सभेत एक अक्षर बोलली नाही कोणी. बाहेर चपला घालता घालता शोभाताई कानाशी आल्या — "मनोहररावच्या गोदामाखाली हाय तो नाला. ट्रकानं मुरूम टाकून बुजवला, म्या माह्या डोयानं पायलं. पण लिवू नको वं पोरी. मी फक्त तुले सांगून राहिली."

आणि मी लिहिलं.

का म्हणजे? दुसऱ्या दिवशी हरकतींची मुदत संपत होती! त्यांच्या नावानं लिहिलं, कारण पाहिलं त्यांनी. आणि एकटीच्या कागदाला विचारतं कोण — म्हणून मागं हजेरीची पानं जोडली. पोहे खाल्ल्याच्या सह्या होत्या त्या, काका, शोभाताईंचीही. मला वाटलं, आल्या म्हणजे त्यांना मान्यच आहे. विचारायला गेले नाही. एकीलाही नाही. मी! मग सुनावणीच्या नोटिसा निघाल्या, घरोघरी, नावानिशी. सभेला आलेल्या प्रीतीच्या नवऱ्यानं तिला विचारलं, तू कोर्टकचेरी कधीपासून करायला लागली वं? आणि शोभाताईंची नोटीस गेली मनोहररावांच्याच फाटकावर — खोलीचा पत्ता तोच ना. तीन दिवस झाले, त्या दार उघडत नाहीत, फोन लागत नाही.

मनोहररावांना कळलंच असेल म्हणता? नसेल. पाकीट उघडलं नसेल कोणी. तुम्ही नाव गाळलं तर अजूनही — मीच आत जाऊन सांगू? तुम्हाला सोपं आहे हो! सह्या हजेरीच्या होत्या म्हटलं की हरकतच रद्द, नाला गेला, आणि वरून फसवणूक म्हणून माझ्यावरच गुन्हा.

ती गाडी — पांढरी — मनोहरराव उतरले. आणि पुढच्या सीटवर... शोभाताई आहेत, काका. नवं लुगडं नेसवून आणलंय. हातात नोटीस. आयुष्यात कधी त्या गाडीत बसल्या नसतील. इकडे बघताहेत. बघून परत खाली मान.

म्हणजे वदवून घेणार त्यांच्याकडून. मी लिहिलं नाही, म्हणतील — ते खरंच आहे. पण मग विचारतील, नाला पाहिला का, आणि त्यांना नाही म्हणावं लागेल. त्याच घरात उद्या भाकरी थापायची आहे ना. माझ्यामुळे. त्यांनी एवढंच मागितलं होतं, लिहू नको म्हणून.

सोळा संपला? इतक्यात? थांबा — पुकारा. सतराच पुकारा, पण त्यांचं नाव नको, माझं घ्या. मिनल. त्या पायऱ्या चढायच्या आत मला आत जाऊ द्या. मले पाणीबिणी काही नको, काका. तुम्ही पुकारा, मोठ्यानं पुकारा — आणि मी पळाले तर हात धरा माझा.