आपली जागा मागे

...तुम्हाला सांगतो, मान अजून सरळ होत नाहीये! हे बघा, इकडे वळली की तिकडे येतच नाही... आणि कशामुळे, तर सिनेमामुळे! आता म्हणाल, श्यामसुंदर, या वयात तुला सिनेमा कोणी सांगितला होता? अहो, माझाच सिनेमा होता तो! म्हणजे... माझा नाही, आप्पासाहेबांच्या बायकोच्या आयुष्यावरचा. आप्पासाहेब केवढे गवई, आणि प्रेमलावहिनी त्यांच्याहून तेवीस वर्षांनी लहान, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या. आणि मी कोण? मी सव्वीस वर्षं आप्पासाहेबांच्या मागे तंबोरा धरून बसलो! जुन्या फोटोत त्यांच्या कानामागे अर्धा चष्मा दिसतो ना, तो मी. आपली जागा मागे! तक्रार नाही.

तर ती दिग्दर्शिका, नीरजा, आमच्याकडे सदाशिव पेठेत आली, बरोबर दुपारी दीडला! चार दिवस! "काका, आजींच्या लाइफमधलं काहीतरी इमोशनल सांगा ना!" मग सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं हो! अडुसष्ट सालचा गणेशोत्सव, आप्पासाहेब नवी चीज गातायत, अंतऱ्यावर आले, आणि शब्द गेले! नुसतं आ... आ... आ... तबलजी मंडपाच्या छताकडे बघतोय, पेटीवाला माझ्याकडे, आणि मी तारा छेडता छेडता मागून हळूच शब्द पुरवले. असा उचलला त्यांनी अंतरा की मंडप उठला! बास. आयुष्यात आपण केलेली एक गोष्ट.

"ऑसम काका! हा सीन घेणारच!" घेणारच म्हणाली! मग काय, सगळ्या पेठेत सांगून टाकलं मी. दूधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो तिथेसुद्धा सांगितलं! आमची बायको, उल्का, म्हणाली, "आधी सिनेमा तरी लागू द्या."

लागला! पास आले, तेही पहिल्या रांगेचे. आम्हा मैफलीतल्या माणसांना पहिली रांग म्हणजे केवढा सन्मान! सिनेमात तिथे कोणी फुकटही बसत नाही, हे आम्हाला कुठे ठाऊक?

वर बघतोय, वर बघतोय... नायिका तासभर खिडकीत बसून रडतेय! शेजारी खऱ्या प्रेमलावहिनी, वय वर्षं ऐंशी, पुटपुटतायत, "मला रडायला वेळ कुठे होता? रोज बारा शिष्य जेवायला!" आणि मग आला, गणपतीचा मंडप! आ... आ... आ... उल्काने माझा हात धरला. आणि पडद्याआडून नायिका, नाकात नथ, डोळ्यांत पाणी, ती शब्द सांगते! ती! टाळ्या! आणि तंबोरेवाला? चक्क झोपलेला दाखवलाय! मी! झोपलेला! फार लागलं हो मनाला. म्हटलं, श्यामसुंदर, गप्प बस. आपली जागा मागे.

तेवढ्यात अंधारातून खणखणीत आवाज आला, "खोटं आहे हे! मी तेव्हा वाईला माहेरी होते, बाळंतपणाला! शब्द ह्या श्यामसुंदरने सांगितले. आमच्या ह्यांनी मला तसं लिहून कळवलं होतं. पत्र आहे माझ्याकडे!"

छप्पन्न वर्षांनी कोणीतरी माझं नाव घेतलं... डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? काय करावं सुचेना. उठलो. लोकांकडे वळलो. हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे, एकटा, उभा!

आणि आपले पुणेकर बोलले, "ओ काका! तुमचं टक्कल हिरॉइनच्या तोंडावर आलंय! उभं राहायची एवढी हौस असेल तर मागे जाऊन राहा!"

गेलो. काय करणार? आणि तुम्हाला सांगतो... मागून फार छान दिसतो हो सिनेमा!