जाळ्यांची खोप

नाही हो वकीलबाई, 'हत्याकांड' हा शब्द तुमचा. वाडीत आम्ही 'तो घोटाळा' म्हणतो — खरं तर म्हणतच नाही, कशाला म्हणा? बसा. हवाबीकडनंच आलात ना? वाटलंच. माझं काय वैर तिच्याशी — तिचा मुलगा अस्लम माझ्याच रापणीवर, किनाऱ्यावरनं जाळं ओढायला होता, माझी जाळी शिवून शिवून हातांची लाकडं झालेली त्याच्या. पण अफवा उठली, हे लोक होड्यांतनं पलीकडच्या देशातली माणसं उतरवतात म्हणून, मोबाईलवर रोज तेच, आणि मग गाड्या भरून पोरं आली — कुठली? बाहेरची! आमच्यातलं कोण नव्हतं. म्हणजे, घरं दाखवायला दोघं-तिघं असतील, ते काय, वाट कोणीही दाखवतो.

अस्लम धावत माझ्याकडे आला. मागे त्याची बायको बुशरा, तिच्या कडेवर तान्हं. "धोंडूदादा, माका नको, ह्या दोघांक खंय तरी ठेव." मी नाही म्हटलं? जाळ्यांची खोप उघडून दिली, तिघांनाही म्हटलं, बसा आत, आवाज करू नका. पोरांना कळलं, ते माझ्याकडनं नव्हे. नायलॉनची जाळी, बाई — पेटवली की वितळून अंगाला चिकटतात.

हवाबी उपड्या होडीआड दडलेली, तिथनं बघत होती म्हणे. कोर्टात तीन पोरांची नावं घेतली. आहेत जामिनावर, पण त्यांच्या आया रडल्या, ते कोण बघतो? तेव्हापासून तिच्या पाटीतला मासा कोणी उचलत नाही. आम्ही उचलू देत नाही. दुपारपर्यंत बसते, माश्या बसलेले बांगडे घेऊन घरी जाते, सकाळी परत हजर. मीच समजावलं, "हवाबी, नावां मागे घे, सगळी पाटी मीच घेतंय." तर म्हणते, "धोंडू, तुझा नाव अजून घेवक नाय मी. थांब." — दादा नाही, धोंडू! एवढा माज!

आणि सांगत सुटलीय, आतली माणसं दार ठोकत होती, दार उघडेना. अहो, उघडेल कसं? कडी बाहेरनं, खाऱ्या वाऱ्याने गंजलेली — मलासुद्धा दोन्ही हातांनी दाबावी लागली, तेव्हा कुठे ती —

काय बघतास? तो फोन आधी खाली ठेवा. वाऱ्यान पडली आसतली कडी. वाऱ्यान! — गो सीता, फाटक उघड. ह्यांका जावचा आसा.