ढिलं जाळं

"अख्ख्या इंग्लंडात ससे धरायचं लांब जाळं विणावं, तर ते मीच!"

"परवा माझ्या शेतातल्या सशांना हे कुणी कळवलं नव्हतं वाटतं. जाळ्यावर आपटले, उडाले आणि आपापल्या घरी गेले."

आमच्या नॉरफकच्या बसथांब्यावर, रांगेत माझ्या पुढेच हे चाललं होतं. म्हातारा सायलस जाळी विणतो आणि विनिफ्रेडबाईंची बार्लीची शेती आहे.

"वहिनी, तुम्ही बघायला येणार म्हणून जाळं जरा रुबाबात ताणून बांधलं होतं."

"त्या रुबाबात माझी बार्ली गेली. सोमवारी बिळांत विषारी धूर सोडणारा माणूस येतोय."

"मग हिवाळाभर विणलेलं हे खांद्यावरचं जाळं मी काय पांघरून झोपू? एक रात्र द्या. आता शंभर हात दोरीवर दीडशे हात जाळं चढवलंय. हात लावून बघा."

"अहो, हे तर नुसतं ओघळतंय."

"ओघळायलाच हवं! हे टोक धरा. समजा, मी ससा. हा असा धावत आलो, असा धडकलो, की जाळं अंगाभोवती गोळा. जितका धडपडेन तितका गुरफटेन."

"आणि सुटलात तर?"

"माझ्या जाळ्यातून? सुटायची सोयच ठेवलेली नाही."

"बरं, शनिवारची रात्र तुमची. पण ससे निसटले, तर सोमवारी धूर."

"एकही निसटणार नाही, लिहून देतो!"

"बस आली. चला."

"तुम्ही व्हा पुढे. नाही, थांबा. वहिनी, माझ्या कोटाचं बटण जाळ्यात अडकलंय. तेवढं सोडवता का?"