विहिरीवरच्या फळ्या

कालिंदी : "एक पोहरा रोज निघालाच पाहिजे," हे म्हणाले. "मी असो नसो. माणसाला बोलतं ठेवावं तसं विहिरीच्या पाण्याला हलतं ठेवावं लागतं." जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वहाणा घालत होते. मग म्हणाले, "चहा झाकून ठेव. दोर घेऊन आलोच." एवढंच बोलणं झालं, राधाबाई. त्याच्या पुढे काही नाही.

राधाबाई : सांगितलंस गो. रोज सांगतंस. आणखी सांग, मी ऐकतंय. पण सांगता सांगता ही चाय घे. आलं ठेचून घातलंय.

कालिंदी : ठेवा तिथे.

राधाबाई : ठेवा तिथे! रोज ठेवतंय नि रोज साय धरली की उचलून नेतंय. माझ्या घरातलो बोको माजलो तुझी चाय पिऊन. तेरावा झाला, सुतक फिटला. आता दोन घोट घेतलंस तर काय पाप लागतला?

कालिंदी : सुतकात नेम नव्हता, तेव्हा तुम्ही द्याल ते घेतलं. आता नेम परत धरलाय. औदुंबराला विहिरीचं पाणी घालायचं आणि मग चहा. लग्न होऊन या फणसवाडीत आले तेव्हा सासूबाईंनी हातात तांब्या दिला होता. तुम्हीच होतात की शेजारी उभ्या.

राधाबाई : होतंय. म्हणून तर सांगतंय. विहिरीवर फळ्या घातलेल्या. मग नळाचा पाणी घाल! औदुंबर काय इचारतलो, ह्या विहिरीचा की मुन्शिपालटीचा म्हणून?

कालिंदी : एक दिवस घातलं. झाड काही बोललं नाही. मलाच देवाला फसवल्यासारखं वाटलं.

चिंतामणी : वहिनी, आत येऊ का?

कालिंदी : या भाऊजी. आज ऑफिस नाही?

चिंतामणी : अर्धी रजा टाकलीय. राधाबाईही आहेत, बरंच झालं. वहिनी, संध्याकाळी वाडीची सभा आहे. कमिटीचा सेक्रेटरी म्हणून नाही आलो, अप्पाचा धाकटा भाऊ म्हणून आलोय. तुमचा होकार पाहिजे.

कालिंदी : कशाला?

चिंतामणी : कट्ट्याला. त्याचं असं आहे... उद्या सकाळी मालकाची गाडी येतेय. राडारोडा घेऊन. विहीर बुजवणार म्हणतो. मी त्याच्या पेढीवर खेटे घालून घालून एवढं पदरात पाडून घेतलंय, की बुजवल्यावर त्याच जागी वाडीने कट्टा बांधायचा. दगडी. वर झेंड्याची काठी आणि पुढच्या बाजूला अप्पाचं नाव. "संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात धारातीर्थी पडले" असं.

कालिंदी : बुजवणार? पण फोर्टातल्या निधीची ग्रँट आहे ना तिला? ग्रँट चालू आहे तोवर विहिरीला हात लावणार नाही, असं मालक बोलला होता. सगळ्यांदेखत, गणपतीच्या मांडवात.

चिंतामणी : चालू आहे तोवर. ग्रँट गेली, वहिनी.

कालिंदी : गेली म्हणजे?

चिंतामणी : दुसऱ्या कुणाला दिली. माझगावकडच्या कुठल्याशा वाडीला, झाडं लावायला. त्यांचा निधीच केवढासा. कुणाची बाग, कुणाची विहीर, चिमूट चिमूट वाटतात. एकाची बंद झाली की दुसरा टपून बसलेलाच असतो.

कालिंदी : यांनी किती फेऱ्या मारल्या हो त्यासाठी. ऑफिस सुटलं की टोपी सारखी करायची नि थेट फोर्टात. तिथले शिपाईसुद्धा म्हणायचे, आले विहीरवाले. एवढं करून पहिला हप्ता मिळाला, गाळ निघाला. वरळीच्या बीडीडी चाळीतला तो भिवा आत उतरला होता. वर आला तो कपाळापासून काळा, आणि हसून म्हणाला, बाई, खाली गार झरा जिवंत आहे. डासांसाठी पाण्यात मासे सोडले. आता कठडा आणि कप्पी तेवढी राहिली होती.

चिंतामणी : ठाऊक आहे हो.

कालिंदी : मग का गेली?

राधाबाई : सांग रे चिंतामणी. आज ना उद्या कळतलाच तिका.

चिंतामणी : त्यांची अट होती, वहिनी. विहीर वापरात दिसली पाहिजे. त्यांचे साहेब मधूनच कधी तरी येऊन बघायचे. ते आले नेमके तुमच्या सुतकात. तुम्ही आत होतात. आणि खाली विहिरीवर फळ्या. फळ्यांवर अप्पाचा फोटो, हार, उदबत्ती, समई. साहेब भला माणूस, हॅट काढली, हात जोडले, मिनिटभर मान खाली घालून उभे राहिले. मग म्हणाले, आतलं पाणी बघायचंय. पोरांनी गराडा घातला. म्हणाली, फोटो हलवायचा नाही. कुणी घोषणा द्यायला लागलं. साहेब घाबरले. ते दिवसच तसले, गिरगावात पाऊल टाकायचं म्हणजे जिवावरचं. "विहीर वापरात नाही" असा शेरा मारून निघून गेले.

कालिंदी : फळ्या कुणी घातल्या?

चिंतामणी : वाडीने. सगळ्यांनी मिळून. अप्पाची विहीर ना, मग अप्पाचं सुतक फिटेपर्यंत तिच्यात कुणी पोहरा टाकायचा नाही असं ठरलं. मानासाठी हो. मुंबईसाठी छातीवर गोळी झेलली त्याने.

कालिंदी : पाठीत लागली होती, भाऊजी.

चिंतामणी : वहिनी...

कालिंदी : मी बघितलंय. आणि ते लढायला गेले नव्हते. सभांना जायचे, ते खरं. घसा बसेपर्यंत ओरडून यायचे, मग मी हळद-दूध द्यायची. पण त्या दिवशी दोर आणायला गेले होते. जुना दोर कप्पीवाचून दगडावर घासून तुटला. साहेब कधीही येतील, विहीर उपशाविना दिसायला नको, म्हणून कर्फ्यू उठल्या उठल्या भुलेश्वरला गेले, आणि येताना गोळीबारात सापडले.

चिंतामणी : मला नाही का ठाऊक? पण दोरासाठी गेला असं कसं सांगू मी लोकांना? स्वतःला तरी कसं सांगू? सख्खा भाऊ माझा, काथ्याच्या दोरासाठी? मुंबईसाठी गेला म्हटलं की निदान डोळ्याला डोळा लागतो, वहिनी.

कालिंदी : ही विहीरही मुंबईतच आहे की, भाऊजी.

राधाबाई : ऐक. उगाच नाय माझी सासू म्हणायची, कालिंदी बोलता कमी नि बोलली की घाव घालता.

कालिंदी : मी कुणाला लावून बोलत नाही हो. मला फक्त समजून घ्यायचंय. सुतक फिटेपर्यंत पोहरा टाकायचा नाही, ठीक. मान म्हणून केलंत. पण सुतक फिटलं. तेराव्याला पानं वाढली, मांडव निघाला. मग फळ्या का नाही निघाल्या?

चिंतामणी : राहून गेलं.

कालिंदी : साहेबांना परत बोलावता आलं असतं. चार दिवस कुणी उपसा केला असता, पाणी निवळलं असतं. राहून कसं गेलं?

चिंतामणी : गडबडीत. सगळीच धावपळ चालू होती...

कालिंदी : भाऊजी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. यांनाही यायचं नाही.

राधाबाई : मी सांगतंय. तो नाय सांगूचो. फळ्या तुझ्यासाठी ठेवल्यानी गो.

कालिंदी : माझ्यासाठी?

राधाबाई : तेराव्याच्या रात्री तू खाली विहिरीकडे जाऊन उभी राहिलंस. फळीवर हात ठेवून. किती येळ! मी गॅलरीतून बघत होतंय. दुसऱ्या दिवशी मीच चिंतामणीक बोलावून सांगितलं, फळ्या काढू नको. वर पाटे ठेव, वरवंटे ठेव. विहिरीचा तोंड झाकल्याशिवाय मी निजूचंय नाय.

कालिंदी : म्हणून तुम्ही रोज सकाळी चहा घेऊन येता. म्हणून भाऊजींच्या घरची रात्री इथे निजायला.

राधाबाई : आमच्या गावाक दोन बायका गेल्या विहिरीत. एक तर माझी सख्खी आतेबहीण. माका त्या आवाजाची भीती बसलीहा, बाय. तू मनात नसशील आणलंस तरी माझ्या मनात येता.

कालिंदी : मी पाणी ऐकत होते, राधाबाई.

राधाबाई : काय?

कालिंदी : आत मासे सोडलेत ना. हे म्हणायचे, रात्री वाडी निजली की त्यांचा आवाज येतो. पुटपुटल्यासारखा. फळीला कान लावला तर ऐकू येईल, असं वाटलं मला. नाही आला. मग वर आले.

चिंतामणी : वहिनी, चुकलंच आमचं. मान द्यायला गेलो नि मग तुमची काळजी करायला गेलो, आणि त्यात विहीर गेली. आता ती परत येत नाही. मी परवा फोर्टातही जाऊन आलो. साहेब म्हणाले, तुमच्या दुःखात आम्ही आहोत, पण पैसे दिले गेले. मालक तर वाटच बघत होता. कट्टा सोडून उरलेल्या जागेत त्याला मोटारी ठेवायच्यात. निदान कट्टा तरी पदरात पडेल. अप्पाचं नाव राहील. नुसतं हो म्हणा.

कालिंदी : औदुंबर?

चिंतामणी : तो... विहिरीच्या कडेलाच आहे ना. कट्ट्याच्या पायात येतो.

कालिंदी : म्हणजे तोही जाणार.

चिंतामणी : फांदी काढून कुंडीत लावून देईन तुम्हाला. गॅलरीत.

कालिंदी : कुंडीत औदुंबर. बरं.

राधाबाई : बरं म्हणालंस? म्हणजे हो ना?

कालिंदी : नाही. मी नाही म्हणतेय, राधाबाई, पण नाही म्हणून काही थांबणार नाही, हेही कळतंय मला. सभेत सांगा भाऊजी, कालिंदीने होकार दिला नाही, भांडणही केलं नाही. नाव घालायचंच असेल तर नुसतं नाव घाला. धारातीर्थी वगैरे नको. यांना जड शब्द आवडायचे नाहीत.

चिंतामणी : लोक विचारतील.

कालिंदी : सांगा, पाणी काढायचे म्हणून. गाडी उद्या सकाळी येणार ना?

चिंतामणी : दहाच्या सुमाराला.

कालिंदी : मग आजचा दिवस विहीर आहे.

(कालिंदी मोरीतून बादली उचलून आणते. बादलीत काथ्याचा नवा दोर भिजत पडला आहे.)

राधाबाई : अगो बाय माझे! हो दोर? हॉस्पिटलातून त्याच्या कपड्यांबरोबर आलेलो? मी सांगितलं होतं, समुद्रात सोडून ये म्हणून!

कालिंदी : काल रात्रीपासून भिजत घातलाय. नवा काथ्या कोरडा विहिरीत सोडायचा नाही, हाताची सालं काढतो. हे नेहमी सांगायचे.

राधाबाई : पाणी बघ. तांबडा झालाहा.

कालिंदी : काथ्याचा रंग सुटतो.

राधाबाई : काथ्याचोच काय?

कालिंदी : मी विचारलं नाही त्याला.

चिंतामणी : वहिनी, काय करताय हे? आता उपसून काय उपयोग? कोणी साहेब बघायला येणार नाही.

कालिंदी : साहेबांसाठी नाही. "मी असो नसो" म्हणाले होते, मी "बरं" म्हटलं होतं. सुतकातले दिवस देव माफ करील. त्यापुढचे माझे राहिलेत. सगळे भरून निघायचे नाहीत, आजचा तरी भरते.

चिंतामणी : फळ्यांवर अप्पाचा फोटो आहे.

कालिंदी : तो मी उचलते. माझाच आहे.

चिंतामणी : पोरं अडवतील.

कालिंदी : मला?

चिंतामणी : ...नाही. तुम्हाला नाही अडवणार. थांबा, मी येतो. ते पाटे-वरवंटे तुम्हाला एकटीला हलायचे नाहीत. मीच ठेवलेत, जड बघून बघून.

कालिंदी : या. कप्पी नाही, दोघं असलो तर दोर दगडावर घासणार नाही. एकाने धरायचा, एकाने ओढायचा. मासेही काढून घेऊ म्हणते, येतील तेवढे. रिकामी बादली घ्या ती.

राधाबाई : कालिंदी.

कालिंदी : काय?

राधाबाई : माका खाली येववत नाय गो. गुडघे... मी गॅलरीत उभी राहतंय. तू वर बघ मधी मधी. बघशील ना?

कालिंदी : बघीन.

राधाबाई : तोही असोच गेलो होतो. आलोच म्हणान.

कालिंदी : तांब्या कुठे ठेवला मी? हां, हा इथे. राधाबाई, चहा झाकून ठेवा. औदुंबराला पाणी घालून येते मी.